तेवीस नंबरच्या बाकावरची शून्यं

शोभना भित्री होती, आणि हे ती आपणहूनच सगळ्यांना सांगून टाकायची, म्हणजे नंतर कुणी दाखवून द्यायला नको. लिफ्टमध्ये ती एकटी चढायची नाही. बँकेचा फोन आला की नवऱ्याच्या हातात द्यायची. जेद्द्यात येऊन सहा वर्षं झाली तरी रस्त्यात पोलिसांची गाडी दिसली की पर्समधला इकामा, म्हणजे राहण्याचा परवाना, चाचपून बघायची. नाशकात तिनं आठ वर्षं शाळेत शिकवलं होतं, पण तिथंही मुख्याध्यापकांचं बोलावणं आलं की ती कुणालातरी सोबत घेऊन जायची.

त्यामुळे डॉ. ज्ञानेश सबनीसांनी तिला काम देऊ केलं तेव्हा तिनं आधी नाहीच म्हटलं होतं. सबनीस मूळचे पुण्याचे, इथल्या एका विद्यापीठात शिक्षणशास्त्र शिकवायचे. सौदी अरेबियातल्या भारतीय अभ्यासक्रमाच्या नऊ शाळांत ते मुलांच्या वागणुकीवर संशोधन करत होते. मुलांनी खोडी केली, लक्ष दिलं नाही, की या शाळा पिवळं कार्ड द्यायच्या. तीन पिवळी झाली की लाल. लाल कार्ड मिळालेल्या मुलाला पुढच्या वर्षी प्रवेश मिळेलच असं नाही. या कार्डांनी मुलं सुधारतात की नुसती घाबरतात, हे सबनीसांना पाहायचं होतं. ही पद्धत बंद करून दुसरं काहीतरी आणावं, असं त्यांच्या मनात होतं, पण त्यासाठी हातात आकडे हवे होते. मुलग्यांच्या विभागात ते स्वतः बसू शकत होते. मुलींच्या विभागात पुरुषाला प्रवेश नव्हता. तिथं बाईच लागणार होती.

"तुम्हाला काही करायचंच नाहीये, शोभनाताई," ते म्हणाले होते. "नुसतं बघायचं."

नुसतं बघायचं, हे शोभनाला जमण्यासारखं होतं. पाचवीच्या मुलींच्या वर्गात मागच्या भिंतीला टेकून तिची खुर्ची ठेवली. एका तासाला दोन मुली, प्रत्येकीची वीस-वीस मिनिटं. कानातल्या यंत्रात दर दहा सेकंदांनी टिक वाजायची. त्या क्षणी मुलगी कामात असेल तर बरोबरची खूण, बोलत असेल तर तिरकी रेघ, लक्ष नसेल तर शून्य. नाव लिहायचं नाही, फक्त बाकाचा नंबर. मुलींशी बोलायचं नाही, हात लावायचा नाही. आणि कागद पाकिटात बंद करून सबनीसांखेरीज कुणालाही द्यायचा नाही.

तिसऱ्या आठवड्यात प्राचार्या शायनी मॅडमनी तिला खोलीत बोलावलं. मॅडम केरळच्या, उंच, इस्त्रीच्या घडीसारख्या सरळ. शाळा त्यांनी शून्यातून उभी केली होती असं सगळे म्हणत.

"शोभना मॅडम, बस एक बार काग़ज़ दिखाइए," त्या हिंदीत म्हणाल्या. "माझ्याच मुली आहेत. पाचवीचा निकाल खाली का जातोय, मला कळायला नको?"

"सरांनी सांगितलंय की..."

"सर शाळा चालवत नाहीत. मी चालवते." मग थोडं थांबून, अगदी गोड आवाजात, "तुमचा कामाचा परवाना अजून आलेला नाही ना? नवऱ्याच्या इकाम्यावरच आहात? मी कुणाला काही बोलत नाही. आपली माणसं आपणच सांभाळायची."

नाही म्हणायचं शोभनानं मनात ठरवलं. पाकीट मात्र टेबलावर गेलं. शायनी मॅडमनी कागद पुढे ओढले, भिंतीवरचा बाकांचा नकाशा काढला आणि मोबाइलनं फोटो घेतले. दोन मिनिटांचं काम. शोभना खोलीबाहेर आली तेव्हा तिनं स्वतःची समजूत घातली की नंबरच तर आहेत, नंबरांनी काय होतंय.

मंगळवारी गणिताच्या तासाला शायनी मॅडम वर्गात आल्या. सगळ्या मुली उभ्या राहिल्या. मॅडमच्या हातात लाल कार्ड होतं, आणि शोभनाच्या कागदाची छापील प्रत. शोभनानं स्वतःचं अक्षर लांबूनच ओळखलं.

"नूपुर. बाक नंबर तेवीस. दोन पिवळी आधीच झालीत, हे तिसरं. वीस मिनिटांत सोळा वेळा लक्ष नाही. सोळा." मॅडमनी कागद वर्गाला दाखवला. "तुझ्या बाई खोटं सांगत असतील, पण हा कागद खोटं सांगत नाही."

नूपुर बारीक अंगाची, दोन वेण्यांची, चिपळूणकडच्या घरातली मुलगी. बाप बंदरातल्या जहाजदुरुस्तीच्या कंपनीत सुपरवायझर होता, एवढं शोभनाला माहीत होतं. मुलीनं आधी कागदाकडे पाहिलं, मग आपल्या वहीकडे.

"आय वॉज रायटिंग, मिस," ती म्हणाली. "आय वॉज ओन्ली रायटिंग."

"तेच तर," गणिताच्या बाई म्हणाल्या. "प्रश्न विचारला की दगडासारखी माझ्याकडे बघत राहते. वर मान करून म्हणते, तुम्ही विचारलंच नाही."

मुली हसल्या. नूपुर हसली नाही, रडलीही नाही. ती गोंधळली होती, जत्रेत चुकलेल्या पोरासारखी. शोभनाला तिच्या तोंडाकडे बघवेना. तिनं मान खाली घातली. कानात टिक वाजत राहिली, आणि त्या तासाला तिनं एकही चौकोन भरला नाही.

दुपारी घरी आल्यावर ती जेवायला बसली नाही. नूपुरचे तीन आठवड्यांचे कागद तिच्याकडे होते. पाकिटं सबनीसांकडे महिनाअखेरी जायची. ते तिनं पलंगावर ओळीनं मांडले. शेजारी दुसऱ्या मुलींचे मांडले. सात नंबरची मुलगी खिडकीबाहेर बघायची, तिची शून्यं मुंग्यांच्या रांगेसारखी लागोपाठ होती, दहा, बारा, पंधरा. एकतीस नंबरची गप्पिष्ट, तिच्या तिरक्या रेघा आणि शून्यं एकात एक मिसळलेली. लक्ष उडालेलं मूल असंच असतं. उडालं की उडालं, ओरडल्याशिवाय परत येत नाही.

तेवीस नंबरची शून्यं तशी नव्हती. एकेकटी होती. बरोबर, बरोबर, बरोबर, शून्य, बरोबर. फार तर दोन जोडून. जी मुलगी दहा सेकंदांपूर्वी लिहीत होती आणि दहा सेकंदांनंतर पुन्हा लिहीत होती, ती मधल्या एका टिकेपुरती कुठं जात होती? सकाळी, दुपारी, आवडीच्या चित्रकलेच्या तासालासुद्धा.

शोभनाला जुनी शाळा आठवली. नाशकात तिच्या शाळेत एक शिपाई होता, त्याला आकडी यायची. पण ती जमिनीवर पडून, फेस येऊन. हे तसलं नव्हतं. हे काय होतं ते तिला ठाऊक नव्हतं. एवढंच कळत होतं की ही खोडी नव्हे, आणि ज्या कागदावर पोरीला लाल कार्ड मिळालं तो आपण घाबरून हातानं दिला.

बुधवारी तिनं पेन्सिल खाली ठेवली आणि फक्त नूपुरकडे पाहिलं. इतिहासाचा तास होता. नूपुर फळ्यावरून उतरवून घेत होती. अचानक तिचा हात थांबला. पेन कागदावरच टेकलेलं. डोळे उघडे, पण त्यांत कुणी नव्हतं. पापण्या अगदी हलक्या फडफडल्या, तोंडाचा कोपरा एकदा हलला. शोभनानं मनात आकडे मोजले. सहा, सात, आठ, नऊ. आणि मग कुणी बटण दाबावं तसा हात पुन्हा चालू झाला. नूपुरनं फळ्याकडे पाहिलं. मधली ओळ पुसून बाईंनी दुसरी लिहिली होती. मुलीच्या चेहऱ्यावर तोच कालचा गोंधळ आला, आणि तिनं तो पटकन लपवला. लपवायची तिला सवय होती, हे शोभनाला दिसलं. त्या लपवण्यानंच तिला जास्त भीती वाटली.

गुरुवारी शाळा सुटताना घंटा झाली. आठवड्याचा शेवटचा दिवस, दोन दिवसांची सुट्टी समोर, तीन मजल्यांच्या मुली एकाच जिन्यानं खाली धावत होत्या. शोभना वरच्या वळणावर भिंतीला चिकटून उभी होती, गर्दी ओसरायची वाट बघत. नूपुर तिच्या समोरून गेली. पाठीवर भलं मोठं दप्तर, एका हातात पाण्याची बाटली. तिनं पहिल्या पायरीवरून पाय उचलला आणि थांबली. पाय अधांतरी. कठड्यावरचा हात सुटून खाली लोंबला. बाटली पडली, जिन्यावरून ठणाठण उड्या मारत खाली गेली. मागून मुलींचा लोंढा आला.

मुलीला हात लावायचा नाही, हा नियम शोभनाला आठवला. तो आठवल्याची लाज तिला पुढे कित्येक महिने वाटत राहिली. ती पुढे झेपावली, दप्तराचा पट्टा पकडला, आणि मागच्या धक्क्यानं दोघीही तीन-चार पायऱ्या घसरत गेल्या. शोभनाचा गुडघा कठड्याच्या लोखंडावर आपटला. तिनं मुलीला भिंतीकडे दाबून धरलं. वरून पाय, दप्तरं, आरडाओरडा जात राहिला. तिच्या मिठीत ते पोरगं निर्जीव होतं. मग एकदम अंगात जीव आला.

"आंटी, यू आर हर्टिंग मी," नूपुर म्हणाली. आजूबाजूला बघत मग तिनं विचारलं, "माय बॉटल? मेरी बॉटल किसने ली?"

"तुला आठवत नाही? आत्ता काय झालं ते?"

मुलीनं तिच्याकडे पाहिलं. "डोन्ट टेल मम्मी," ती हळूच म्हणाली. "पप्पा मारते हैं."

शायनी मॅडमनी अर्ध्या तासात बोलावलं. कुणीतरी सांगितलं होतं की निरीक्षक बाईंनी मुलीला जिन्यावर ओढलं.

शोभनानं जे पाहिलं ते सांगायचा प्रयत्न केला. वाक्यं एकमेकांत अडकत होती. मॅडमनी शेवटपर्यंत ऐकलं आणि विचारलं, "तुम्ही डॉक्टर आहात?"

"नाही, पण..."

"मग आजारी हा शब्द माझ्या शाळेत पुन्हा वापरू नका. पालक माझ्यावर धावून येतील. रविवारपासून तुम्ही येऊ नका. आणि बाहेर काही बोललात, तर परवान्याशिवाय तुम्ही इथं कशा बसत होतात हे मला सांगावं लागेल. माझा नाइलाज आहे."

घरी तिच्या नवऱ्यानं, विजयकुमारनं सगळं ऐकून घेतलं आणि डोक्याला हात लावला. तो समुद्राचं पाणी गोड करणाऱ्या प्रकल्पात इंजिनिअर होता, आणि त्याच्या कराराचं नूतनीकरण याच महिन्यात होतं. त्याच्या विभागातली दोन माणसं मागच्या तिमाहीत नोकरी जाऊन घरी गेली होती.

"शोभा, इकामा माझ्या नावावर आहे. उद्या कफीलकडे, माझ्या मालकाकडे तक्रार गेली तर खापर माझ्या डोक्यावर फुटेल. तुझं काम संपलं ना? मग खलास. विसर."

"ती पडली असती रे. डोक्यावर पडली असती."

"पडली नाही ना!"

तिनं सबनीसांना फोन केला. पाकीट दाखवल्याचं तिनं कबूल केलं.

"तुम्हाला कळतंय का तुम्ही काय केलंत?" सबनीस म्हणाले. "मुलांची नावं फुटणार नाहीत, या एका शब्दावर नऊ शाळांनी दार उघडलं होतं."

"कळतंय. पण तिच्या आईला सांगायला हवं, सर. आजच."

"ते आपल्याला करता येत नाही. मी विद्यापीठाच्या नीतिसमितीला लिहितो. दोन आठवड्यांत उत्तर येईल."

दोन आठवडे. शोभनाच्या डोळ्यांपुढे जिना आला. मग समुद्र आला, शुक्रवारी अख्खं जेद्दा जिथं पोरंबाळं घेऊन जातं तो. मग न्हाणीघर आलं, आतून कडी लावलेलं. भित्र्या माणसाचं हे एक असतं, वाईट काय काय होऊ शकतं ते त्याला फार तपशिलात दिसतं. आयुष्यभर ते तिला स्वतःसाठी दिसत आलं होतं. पहिल्यांदाच दुसऱ्या कुणासाठी दिसत होतं, आणि ते जास्त असह्य होतं.

शुक्रवारी दुपारी जेवण झाल्यावर ती साडी बदलून, वर काळा पायघोळ अबाया घालून दाराशी उभी राहिली. "मी टॅक्सीनं जाते," ती म्हणाली. चपलेचा बंद तिला तीनदा लावूनही लागेना. विजयकुमारनं ते पाहिलं. त्यानं गाडीची किल्ली घेतली. पत्ता तिनं मराठी मंडळींच्या एका ओळखीतून मिळवला होता. इमारतीखाली गाडी लावून तो म्हणाला, "मी वर येणार नाही. पण इथंच आहे."

दार नूपुरच्या आईनं, पूर्णिमानं उघडलं. शाळा हा शब्द ऐकताच तिचा चेहरा पडला. "लाल कार्डावर सही दिली की आमी," ती म्हणाली. आत सोफ्यावर नूपुर बसली होती. तिच्या गालावर बोटांचे वळ होते.

शोभना उभ्याउभ्याच बोलायला लागली, कारण बसली असती तर उठून पळाली असती. शून्यं, इतिहासाचा तास, जिना. पूर्णिमा ऐकता ऐकता दाराच्या चौकटीला धरून राहिली. मग घाईघाईनं म्हणाली, "नाय नाय. आमच्यात कुणाला नाय तसलं काय. ती जरा विचारात असते, येवढंच."

"तुम्ही कधी पाहिलं नाही?"

पूर्णिमानं नूपुरला आतल्या खोलीत पाठवलं. दार लावलं. आणि मग ती जे बोलली ते इतकं हळू की शोभनाला जवळ सरकावं लागलं.

"दिवाळीपासून बघतेय. दूध उतू जात होतं, ती गॅससमोर उभी. हातात पळी. मी हाका मारतेय. मी... मी पाठ फिरवली हो ताई. म्हटलं, नाय बघितलं तर नसेल. फेफरं म्हणतात आमच्याकडे त्याला. माझ्या मामेबहिणीला होतं. जन्मभर माडीवर ठेवली तिला, कुणाच्या लग्नाला नेली नाय. ह्यांना कळलं तर काय करतील? गावात कळलं तर?"

तेवढ्यात आतल्या बाजूनं नूपुरचे वडील आले. नीलेश झोपेतून उठून आला होता, आणि त्यानं शेवटचं वाक्य ऐकलं होतं.

"काय कळलं तर?"

धिप्पाड माणूस, डोळे तांबारलेले. शोभनाला खालची गाडी आठवली, आणि आता गप्प बसून निघून जाता येईल हेही दिसलं.

"तुमची मुलगी आगाऊ नाही," ती म्हणाली. "तिला काहीतरी होतंय. ज्या कागदावर तिला शिक्षा झाली तो मी लिहिला होता. मी चुकीचं वाचलं. तुम्ही तिला मारलंत ते माझ्यामुळे."

"तुमी कोण सांगणाऱ्या?" तो ओरडला. "शाळेत काय धड शिकवत नाय, आता पोरीला येडी ठरवायला घरी येता? कंपनीच्या इन्शुरन्स कार्डावर आजार चढला की कागद वर जातो. माझ्या फॅमिली व्हिसाचं काय होईल, तुमी बघणार?"

"एकदा दाखवा. काही निघालं नाही तर मी तुमच्या पाया पडून माफी मागेन."

"बाहेर जावा."

ती वळली. पण पूर्णिमा दाराच्या आणि तिच्या मध्ये आली. तिची मान अजून खाली होती. "मी नेणार तिला," ती जमिनीकडे बघत म्हणाली. "उद्याच नेणार. तुमी यायचं तर या, नायतर नका येऊ. ताई, तुमी याल?"

शनिवारी संध्याकाळी शोभना दवाखान्यात पोचली तेव्हा ती तिघं आलेली होती. नीलेशही आला होता, पण दाराबाहेर बाकावर बसला, हाताची घडी घालून, कुणाचंच तोंड न बघता. मुलांच्या मेंदूचे डॉक्टर तल्हा म्हणून होते, पिकल्या दाढीचे, उर्दू बोलणारे. त्यांनी शोभनाला विचारलं, किती सेकंद? शब्दाच्या मध्ये थांबते की वाक्य संपल्यावर? नंतर तिला थांबल्याचं कळतं का? शोभनानं प्रत्येक प्रश्नाचं उत्तर दिलं आणि तेवीस नंबरचे कागद पुढे ठेवले. कुणी डॉक्टर आपले कागद इतकं मन लावून वाचतोय, हे बघून तिला रडूच यायला लागलं.

मग त्यांनी खणातून कागदाची एक भिरभिरी काढली. नूपुरला समोरच्या खुर्चीवर बसवलं. "बेटा, ये घुमाओ. ज़ोर से फूँको. मैं कहूँ तब तक रुकना नहीं."

त्यांनी बाहेर बसलेल्या नीलेशला आत बोलावलं. "आप भी देखिए. आप का देखना ज़रूरी है."

नूपुर फुंकायला लागली. भिरभिरी गरगर फिरू लागली. अर्धं मिनिट झालं. एक मिनिट. पोरीचे गाल लाल झाले, ती मध्येच हसली, पुन्हा फुंकायला लागली. खोलीत फक्त तिच्या श्वासाचा आणि कागदाचा आवाज. पूर्णिमानं शोभनाचं मनगट धरलं होतं, नखं रुतत होती. काही होऊ नये असं शोभनाला वाटत होतं. आणि काही झालं नाही तर, हीही भीती होती, आणि त्या भीतीची तिला घृणा वाटत होती. दोन मिनिटं. नीलेशनं घड्याळाकडे पाहिलं, तोंड उघडलं, काहीतरी बोलणार होता.

भिरभिरी मंद झाली. थांबली.

नूपुर सरळ पुढे बघत होती. भिरभिरी तिच्या हातात तशीच. पापण्या फडफडत होत्या. डॉक्टर म्हणाले, "नूपुर, नीला हाथी." तिच्या चेहऱ्यावर काहीही हललं नाही. नीलेश खाली वाकला, अगदी तिच्या तोंडासमोर. "नूपू," तो म्हणाला. "ए नूपू. पप्पा आहे ना इथं." मुलगी त्याच्या आरपार बघत होती. त्या दहा-बारा सेकंदांत त्या धिप्पाड माणसाचं तोंड पांढरं पडलं.

मग मुलीनं पापणी मिटली, उघडली, आणि पुन्हा फुंकायला सुरुवात केली.

"बस, बेटा," डॉक्टर म्हणाले. "मैंने अभी क्या कहा था? कौन-सा जानवर?"

नूपुरनं चौघांच्या चेहऱ्यांकडे आळीपाळीनं पाहिलं. आपलं काहीतरी पुन्हा चुकलंय हे तिला कळलं होतं, काय ते कळलं नव्हतं. "सॉरी," ती म्हणाली. "आय वॉज ब्लोइंग ओन्ली."

नीलेश भिंतीला टेकून खाली फरशीवर बसला. "मारलं हो मी तिला," तो कुणाला तरी सांगत होता. "परवा मारलं. आधी पण मारलं. ती सांगत होती, ऐकलंच नाय म्हणून. आणि मी मारत होतो."

डोक्याला तारा लावून तपासणी झाली, तिनंही तेच दाखवलं. डॉक्टर म्हणाले, हा अपस्माराचाच एक प्रकार आहे, औषधानं बहुतेक मुलांमध्ये आटोक्यात येतो, कित्येकांचा मोठेपणी जातोही. तोवर पाण्यात एकटीनं उतरायचं नाही, न्हाणीघराला आतून कडी नाही, गॅसजवळ नाही, जिन्यावर कुणीतरी सोबत. आणि शिक्षा तर नाहीच. पूर्णिमानं सगळं वहीत लिहून घेतलं.

पूर्णिमानं डॉक्टरांचा कागद दाखवल्यावर शाळेनं लाल कार्ड मागे घेतलं. तसं पत्र आलं नाही, फोनही नाही. मुलीच्या दप्तरातल्या डायरीतून लाल कार्डाच्या नोंदीचं पान फक्त काढलेलं होतं. पुढच्या महिन्यात पालकांना एक सूचना आली, की यापुढे दुसरं पिवळं कार्ड देण्याआधी मुलाची नजर, कान आणि तब्येत तपासलेली असावी. खाली शायनी मॅडमची सही होती. शोभनाविषयी त्यांनी कुठंच तक्रार केली नाही. केली असती तर जिन्याची गोष्टही निघाली असती. विजयकुमारचा करार एका वर्षानं वाढला, पण ते कळेपर्यंतचे अठरा दिवस दोघांनीही धड जेवण केलं नाही.

सबनीसांच्या समितीचं उत्तर आलं. निरीक्षकानं नियम मोडल्यामुळे त्या वर्गाचे सगळे कागद अभ्यासातून वगळले गेले. अहवालात पाचवीचा तो वर्ग असणार नव्हता. नूपुरही नव्हती, शून्यंही नव्हती.

हे सांगायला सबनीस स्वतः घरी आले होते. चहा घेताना ते म्हणाले, "शास्त्राच्या दृष्टीनं समितीचं बरोबर आहे."

"सर," शोभना म्हणाली, "बाकीच्या आठ शाळांत मुलींच्या वर्गात कोण बसत होतं?"

"तुमच्यासारख्याच बायका. का?"

"त्यांच्याही कागदांवर अशी एकेकटी शून्यं असतील." सबनीसांनी कप खाली ठेवला. त्यांचा चेहरा उतरला. संशोधकाला मुलांची नावं कळू नयेत म्हणून त्यांनी इतकी काळजी घेतली होती, आणि आता त्या मुली शोधायच्या तर तीच काळजी आड येत होती.

त्यांनी समितीशी भांडून बाकीच्या शाळांचे कागद पुन्हा बघायची परवानगी काढली. त्यात पाच आठवडे गेले. मग शोभना त्यांच्या विद्यापीठातल्या एका खोलीत महिलांच्या बाजूला रोज सकाळी जाऊन बसू लागली. कपाटभर कागद. ती नुसती एकेकटी शून्यं शोधायची. डोळे दुखायचे. बहुतेक ठिकाणी मुंग्यांच्या रांगाच होत्या, आणि तशी रांग दिसली की ती मोकळा श्वास घ्यायची.

तसे दोन बाक तिला सापडले. एक हफ्र अल बातिनच्या शाळेतला, चौथीचा, नंबर नऊ. तिथल्या मुख्याध्यापिकेनं फोनवर सगळं शांतपणे ऐकून घेतलं, आणि आठवडाभरानं आपणहून कळवलं की मुलीला डॉक्टरांकडे नेलंय, तुमचा संशय खरा होता.

दुसरा तबूकचा. सहावी, नंबर चौदा. शोभनानं फोन लावला. कार्यालयातल्या बाईंनी हजेरीपट आणून बाकाचा नंबर जुळवायला वेळ घेतला. पानं उलटल्याचा आवाज येत होता.

"चौदा नंबर," बाई हिंदीत म्हणाल्या. "हां, वो लड़की. लाल कार्ड हुआ था उसका. मार्चमध्येच नाव काढलं. घरचे तिला घेऊन इंडियाला गेले."

"इंडियात कुठं? काही पत्ता, फोन?"

"इथला नंबर होता, तो बंद आहे."

शोभनानं मुलीचं नाव विचारलं. ते सांगता येत नाही, बाई म्हणाल्या, तसा नियम आहे. शोभनानं पुन्हा विचारलं. बाईंनी पुन्हा तेच सांगितलं. मग शोभना म्हणाली, "ठीक आहे, मग मी उद्या तबूकला येते." फोन ठेवल्यावर तिनं विजयकुमारला फोन लावला आणि विमानाचं तिकीट कसं काढतात ते विचारलं, कारण सहा वर्षांत तिनं ते कधी एकटीनं काढलं नव्हतं.